सातबाऱ्याचा सात डिसेंबर

एक्सेलच्या सेलमध्ये ७/१२ टाइप करून एंटर मारलं की समोर ७ डिसेंबर येतो. आठ-अ उताऱ्यासाठी कुणी इंग्रजीत ८, मध्ये जागा आणि ए टाकलं, तर सकाळचे आठ वाजतात. मग प्रश्न येतो, "आम्ही बरोबरच टाकलं होतं, त्यानं बदललं कशाला?" अनुदानाच्या, पीकविम्याच्या याद्या करणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो: ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, सेतू केंद्रवाला, सोसायटीचा गटसचिव, मोंढ्यातल्या आडतीवरचा मुनीम. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक्सेल हिशोबासाठी बनलेलं आहे. सेलमध्ये काही पडलं की ही संख्या आहे का, तारीख आहे का, वेळ आहे का, हे ते आधी बघतं. कशातच बसलं नाही तरच मजकूर म्हणून सोडून देतं. आपल्या याद्यांचं मात्र उलटं असतं. आधार, खाते क्रमांक, गट नंबर यांची बेरीज कुणी करत नाही. दिसायला आकडे असले तरी ती नावंच आहेत.

गट नंबरचंच बघा. १५६/२ तसाच राहतो, कारण १५६ तारीख कोणत्याच महिन्यात नसते. १२/२ मात्र १२ फेब्रुवारी होतो. म्हणजे एकाच गावच्या यादीत मोठे गट शाबूत आणि लहान गट बिघडलेले, त्यामुळे वरवर नजर टाकली तर चूक दिसतच नाही. दिसली की माणूस घाईनं कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करतो, आणि तिथे ४५७०० असं काहीतरी उमटतं. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजून ठेवतं. १२ फेब्रुवारी २०२५ चा दिवस त्या मोजणीत ४५७०० वा येतो. अशा वेळी घाबरून सगळं पुन्हा टाइप करू नका. शेजारच्या कॉलममध्ये टेक्स्ट फंक्शन लावा आणि फॉरमॅट म्हणून अवतरणात डी, उलटी तिरपी रेघ (\), साधी तिरपी रेघ (/), एम द्या (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). १२/२ परत मिळतो. संगणकाचा रीजन (देशाची सेटिंग) अमेरिकेचा असेल तर एम आधी, डी नंतर.

यात जगभरचे लोक पोळले आहेत. काही जनुकांची नावं मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करत राहिलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं ती नावंच बदलली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नव्या आवृत्तीत हे बंद करायची सोय दिली: फाइल, ऑप्शन्स, डेटा, ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन. तिथल्या खुणा काढल्या की सुरुवातीची शून्यं उडत नाहीत आणि लांब आकडे तुटत नाहीत. तारखेची खूण मात्र सलग अक्षर-आकड्यांपुरतीच चालते. तिरपी रेघ आली की पुन्हा तारीख. शास्त्रज्ञांचं भागलं, आपला सातबारा राहिला.

खाते क्रमांकाचं प्रकरण जास्त गंभीर, कारण तिथे पैसे अडकतात. अकरापेक्षा जास्त आकडे झाले की साध्या सेलमध्ये १.२३ई+११ असं काहीतरी दिसतं. आधार बारा आकडी, म्हणून तो कायम यात सापडतो. पण तिथे काही हरवलेलं नसतं. फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य ठेवा, पूर्ण आधार दिसेल. सोळा आकडी खाते क्रमांकाला हा उपाय नाही. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा आकडेच धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य लिहितं. तो आकडा परत आणायला कोणतंच बटण नाही, पासबुकाची झेरॉक्स शोधावी लागते. त्यामुळे टाइप करण्याआधी कॉलम टेक्स्ट करायचा, नंतर नव्हे. एखाद-दुसरा क्रमांक असेल तर आधी एकेरी अवतरण टाकलं तरी चालतं.

एवढं करूनही तीन ठिकाणी पाय घसरतो.

टेक्स्ट केलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो आणि त्यावर क्लिक केलं की 'कन्व्हर्ट टू नंबर' असा सल्ला मिळतो. तो ऐकलात तर सोळावा आकडा गेलाच. दुसरं, वेबपेजवरून किंवा वर्डच्या तक्त्यातून साधं पेस्ट केलं की तिकडचा फॉरमॅटही सोबत येतो आणि तुमची टेक्स्टची तयारी पुसली जाते. पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन टेक्स्ट निवडा. तिसरं, सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर. तिच्यात फॉरमॅट साठवलाच जात नाही, त्यामुळे डबल क्लिक करून उघडली की सगळं पहिल्यापासून बिघडतं. डेटा मेनूतल्या 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही'नं आणा आणि तिथे कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठरवा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साधी निवडली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

दुबार नावं शोधताना आणखी एक गंमत होते, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं काउंटइफ फंक्शन टेक्स्ट केलेल्या खाते क्रमांकालाही गुपचूप संख्या समजून तपासतं. पहिले पंधरा आकडे सारखे आणि सोळावा वेगळा, अशी दोन खाती त्याला एकच वाटतात. एकाच शाखेत लागोपाठ उघडलेली खाती अशीच असतात, आणि हकनाक दोन शेतकरी दुबार ठरतात. निकष देताना सेलच्या पत्त्यापुढे अँडचं चिन्ह आणि अवतरणात तारा जोडा, मग ते मजकूर म्हणूनच जुळवतं. आयएफएससी कोडमध्ये पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ पडला तर डोळ्यांना कळत नाही, बँकेला कळतं.

तारखा अर्ध्या उजवीकडे, अर्ध्या डावीकडे दिसत असतील तर विंडोजचा रीजन अमेरिकेचा आहे असं समजा. २५/०८ त्याला कळत नाही, म्हणून तो मजकूर होऊन डावीकडे चिकटतो. ०५/०८ चा ८ मे झालेला असतो आणि तो दिमाखात उजवीकडे बसतो. रीजन इंग्लिश (इंडिया) करा. लाखाचे स्वल्पविरामही त्यानंच नीट पडतात.

आता मराठीचं दुखणं. 'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसरीत साध्या र ला हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, दोन याद्या जुळवणाऱ्या व्हीलुकअप फंक्शनला मात्र दोन वेगळे शब्द. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरपी रेघ, एवढ्यात 'ऱ्य' येतो. ऑफिसात सगळ्यांनी तोच वापरायचा असं ठरवून टाका. 'बँक' चंद्रबिंदूनं लिहिली की चंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन, इथेही तेच. आणि कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली जुनी यादी असेल तर युनिकोडमधल्या आताच्या यादीशी जुळवायचा प्रयत्नच करू नका, त्या फाँटच्या खाली इंग्रजी अक्षरं असतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

मराठवाड्यात जिल्हे आठ. जुन्या-नव्या याद्या एकत्र करून जिल्हावार गोषवारा, म्हणजे पिव्होट टेबल काढा, दहा निघतील, कारण औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशा चार ओळी होतात. कुणी 'संभाजीनगर' एवढंच लिहिलं असेल तर अकरा. नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल तर किती, ते मोजत बसू नका, आधी जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन लावा.

एक्सेलमध्ये नेमकं हवं काय, असंही विचारता. फार नाही. नंबर, तारीख, टेक्स्ट यांच्या जोडीला 'ओळख क्रमांक' असा एक प्रकार हवा: ज्याला हिरवा त्रिकोण येणार नाही, पेस्टनं जो बदलणार नाही आणि ज्यात किती आकडे हवेत ते सांगता येईल. आणि बदलण्याआधी एक्सेलनं एकदा विचारावं, एवढंच. हमालसुद्धा पोतं हलवण्याआधी "कुठं ठेवू?" विचारतो.

तोवर कोरी शीट उघडली की कंट्रोल ए दाबून सगळंच टेक्स्ट करून टाका. रकमेचा कॉलम तेवढा आठवणीनं नंबर करा, नाहीतर बेरीज शून्य येईल आणि त्यासाठी वेगळा फोन कराल.