जानापाव, भर पावसात: पायांत काय, अंगावर काय

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं इंदूरहून जानापावच्या डोंगरावर जाऊन आलो. महू ओलांडून आग्रा-मुंबई रस्त्याने पुढे जायचं आणि मानपूरच्या अलीकडे वळायचं. गाडी वरपर्यंत जाते, पण आम्हाला पायवाटेनेच चढायचं होतं. चंबळ इथेच उगम पावते. गावकरी या डोंगरातून साडेसात नद्या निघतात असं सांगतात, आणि श्रावणात ते सहज पटतं, कारण घळ दिसली की तिच्यात पाणी असतंच.

डोंगराच्या आधी शेताचा बांध लागतो. आपल्या माळव्याची काळी माती उन्हात दगडासारखी कडक असते, पण भिजली की बुटाला धरते ती सोडत नाही. शंभर पावलांत माझ्या तळव्याखाली बोटभर जाड थर झाला. बुटाच्या खाचा बुजल्या आणि पाय नुसता घसरायला लागला. काका पुढून ओरडले, "अगं, दगडावर आपटू नकोस, काडीने काढ!" खरं होतं त्यांचं. आपटून माती आणखी घट्ट बसते. तेव्हा बोटाएवढी एक काडी खिशात ठेवाच. शिवाय बूट घेताना खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब आहेत ना, ते बघा. बारीक नक्षीचा तळ या मातीत निरुपयोगी.

माझे बूट महागडे होते, आत पाणी शिरू न देणारे. पण ओढा गुडघ्याला लागला आणि पाणी वरून आत गेलं. मग तेच अस्तर ते पाणी बाहेरही जाऊ देईना. दीड तासाने दगडावर बसून मोजा पिळला तर वाटीभर पाणी निघालं. तळवा पांढरा, सुरकुतलेला, आणि टाचेवर फोड. भिजून मऊ पडलेली कातडी थोड्याशा घासण्यानेही सोलवटते. काकांच्या पायांत कॅनव्हासचे साधे हंटर बूट होते. ते पहिल्याच ओढ्यात भिजले, पण चार पावलांत निथळले. ओढे ओलांडायचे असतील तर माझं मत आता पक्कं आहे: पाणी अडवणारा बूट नको, पाणी सोडणारा हवा. गमबूट शेतात उत्तम, पण चढावर टाच आत वरखाली होते आणि पाय सोलतो.

मोजे लोकरीचे किंवा लोकरमिश्रित घ्या, दोन जास्तीचे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. जेवायला थांबलात की पाय पुसून अर्धा तास उघडे ठेवा. त्या अर्ध्या तासाने माझा उतार निभावला.

जीन्स घालून येऊ नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्यातल्या एकाने घातली होती. भिजलेलं सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतं. माथ्यावर तो अक्षरशः कुडकुडत होता. पातळ सिंथेटिक पॅन्ट, तसाच टीशर्ट आणि पिशवीत एक लोकरीचा स्वेटर एवढं पुरतं. लोकर ओली झाली तरी ऊब देते.

इंदूरजवळच्याच रालामंडळला होळकरांचं जुनं शिकारघर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, आणि 1989 पासून ते रान अभयारण्य आहे. पण शिकाऱ्यांचं ते भिजत, गप्प, एका जागी थांबायचं काम आता पक्षी पाहणारे करतात. त्यांना चालणाऱ्यांपेक्षा एक थर जास्त लागतो, कारण उभं राहिलं की अंग लगेच गार पडतं. सळसळणारा प्लास्टिकचा रेनकोटही त्यांनी टाळावा. पानाइतकाच आवाज करणारं मऊ कापड बरं.

काळ्या दगडावर शेवाळ असेल तिथे कुठल्याच तळव्यावर भरवसा ठेवू नका. बसून उतरा, पॅन्ट मळू द्या. पाणी गढूळ झालं, त्यात काड्या-पानं वाहत यायला लागली, की ओढा ओलांडायचा नाही, अलीकडेच थांबायचं.

घरी आल्यावर बुटातले सुटे तळ काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. दर दोन-तीन तासांनी बदलले. मंगळवारी सकाळी बूट कोरडे झाले.