दाखला, पोच आणि पाच आठवडे

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणामुळे आम्हांला ऐन नोव्हेंबरात शहरातले बिऱ्हाड मोडून गावी यावे लागले, तेव्हा आमची मुलगी पाचवीत होती. शहरातली तिची शाळा खासगी, विनाअनुदानित. गावातली जिल्हा परिषदेची. जुन्या शाळेने सांगितले की वर्षाची फी पूर्ण भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला निघणार नाही. गावातले मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, दाखल्याशिवाय मी हजेरीपटावर नाव चढवू कसे?" दोघेही सौजन्याने बोलले, आणि त्या सौजन्याच्या मधल्या फटीत मुलगी पाच आठवडे घरी बसली.

दाखला हा शाळेने मर्जीने द्यायचा कागद आहे, असे मीही तोवर धरून चालले होते. प्रत्यक्षात १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमात, म्हणजे ज्याला आपण सगळेच आरटीई म्हणतो त्यात, ही गोष्ट कलम ५ मध्ये स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही किंवा नाकारता येत नाही. दाखला मुद्दाम अडवून धरणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. मात्र एका विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जायचे असेल, तर कलम ५ चा हा हक्क सांगता येत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. थकलेल्या फीचे म्हणाल, तर ती वसूल करायला शाळेला इतर कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. त्यासाठी मुलीचे शिक्षण गहाण ठेवण्याचे कारण नाही.

"आता वर्ष अर्धे संपले, जूनमध्ये या," हे दुसरे वाक्यही आम्हांला ऐकवण्यात आले. त्याला कलम १५ उत्तर देते: प्रवेशाची मुदत उलटून गेल्यानंतर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला हाताशी नसेल, तर त्या कारणासाठी मूल परत पाठवता येत नाही, असे कलम १४ सांगते. आधार कार्डाचीही तीच गत आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे म्हटले, तरी प्रवेशाच्या वेळी पहिला प्रश्न आजही बहुधा आधारचाच असतो.

कलमे वाचून मला धीर आला, पण काम झाले ते अर्जाने. तोवर मी फोन करत होते, भेटत होते, विनंत्या करत होते, आणि यांतल्या एकाही गोष्टीची कुठे नोंद नव्हती. मग साध्या कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला: मुलीचे नाव, इयत्ता, सोडलेली शाळा, कलम ५ आणि १५ चा उल्लेख, आणि दाखला किंवा प्रवेश देता येत नसेल तर तसे कारणासह लेखी कळवावे, ही शेवटची ओळ. दोन्ही शाळांसाठी दोन-दोन प्रती काढल्या. जुन्या शाळेच्या कार्यालयातल्या लिपिक बाईंनी अर्ज ठेवून घेतला आणि दुसरी प्रत तशीच परत केली. पोच मागितल्यावर म्हणाल्या, "मॅडम आल्या की शिक्का देते." मी बाकावर बसून राहिले. सव्वा तासाने मॅडम आल्या, आवक नोंदवही उघडली गेली, आणि माझ्या प्रतीवर जांभळा गोल शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक पडला. पोच द्यायला कोणी साफ नकारच दिला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

गावातल्या शाळेत मात्र बसावे लागले नाही. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला, "लेखी नकार मी कशाला देऊ?" असे पुटपुटले, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवायला सांगितले. तो माणूस वाईट नव्हता. उद्या कोणी विचारले तर दाखवायला त्याला एक कागद हवा होता, आणि तो मीच त्याला पाच आठवडे दिला नव्हता.

तिथेही अडले असते, तर पुढची पायरी कलम ३२ ची होती: स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तालुक्यात या कामी पहिले दार पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचे. तीन महिन्यांची मुदत मला फार वाटते, कारण तेवढ्यात मुलांचे अख्खे सत्र निघून जाते.

आरटीई म्हटले की लोकांना खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागा तेवढ्या आठवतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यांतून वगळले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकाच्या हातात कलम २१ ने दिलेली शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. २०२४-२५ मध्ये गणवेश राज्य पातळीवरून पुरवायचा प्रयोग झाला, कपडे वेळेवर पोचले नाहीत, आणि शेवटी ते काम पुन्हा या समित्यांकडेच आले.

पुढच्याच वर्षी मी या समितीवर गेले. एके दिवशी सातवीतला एक मुलगा सायकलवरून इतिवृत्ताची वही घेऊन दारात उभा राहिला: "काकू, सरांनी इथे सही करायला सांगितलीय." वहीत आदल्या दिवशीच्या सभेचा वृत्तान्त सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता, माझ्या नावाचे अनुमोदनही होते, सभा तेवढी झाली नव्हती. बारा सदस्यांपैकी सात जणांच्या सह्या आधीच पडल्या होत्या. मी सही न करताच वही परत पाठवली, आणि पुढच्या आठवड्यात खरोखरची सभा झाली. तिच्यात सगळा वेळ मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीवर गेला.

जुन्या शाळेचा दाखला अखेर फेब्रुवारीत टपालाने आला. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याची तारीख माझ्या अर्जावरच्या शिक्क्याची होती, आणि शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले होते: पालकांच्या विनंतीवरून.