मोरपंखी, पण निळ्याकडे झुकणारा की हिरव्याकडे? १९६६ च्या स्टुडबेकरचा मूळ रंग शोधतानाचा माझा अनुभव

कॅनडातील हॅमिल्टन शहराच्या ज्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात तोफा बनत असत, तो युद्धानंतर स्टुडबेकर कंपनीने विकत घेतला आणि १९४८ पासून तेथे मोटारी बांधायला सुरुवात केली. अमेरिकेतील साउथ बेंडचा मूळ कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये थांबला, तेव्हापासून मार्च १९६६ पर्यंत उत्तर अमेरिकेतील स्टुडबेकर मोटारी हॅमिल्टनमध्येच तयार झाल्या. त्या अखेरच्या हंगामातील क्रूझर नावाच्या मॉडेलची चार दारांची एक गाडी मी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडून घेतली. तिचा रंग तेव्हा मळकट लाल होता. तो मूळचा नव्हता हे दाराच्या कडेला उडालेल्या टवक्यांखालून दिसणारी निळसर हिरवी रेघच सांगत होती. गाडी कारखान्यातून ज्या रंगात बाहेर पडली, त्याच रंगात ती पुन्हा उभी करायची, हे मी त्या रेघेकडे पाहूनच ठरवले.

मला या वर्षाच्या रंगांबद्दल आधीपासून जिव्हाळा होता. नायगरा ब्लू मिस्ट, रिशेल्यू ब्लू, अल्गाँक्विन ग्रीन, माउंट रॉयल रेड ही १९६६ च्या यादीतली नावे वाचली की कॅनडाचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. नायगरा आणि रिशेल्यू या नद्या, अल्गाँक्विन हे ऑन्टारियोतील विस्तीर्ण अरण्य आणि माउंट रॉयल ही माँट्रियल शहराच्या मधोमध असलेली टेकडी. कंपनीचा मुक्काम हॅमिल्टनला हलल्यानंतर रंगांनीही इथला पत्ता स्वीकारला, असे मला वाटते, आणि म्हणूनच माझ्या गाडीचा रंग अंदाजाने निवडणे मला पटत नव्हते.

पहिली चूक मात्र माझ्याच घाईमुळे झाली. एका बॉडी शॉपला मी डिकीच्या झाकणाचा कोपरा घासून त्याखालचा हिरवट थर दाखवला. त्यांनी तो रंगमापक यंत्राने वाचला आणि त्याप्रमाणे डबा मिसळून दिला. पत्र्याच्या एका तुकड्यावर तो मारून पाहिला, तेव्हा दाराच्या कडेच्या रेघेशी त्याचा मेळ बसेना. तो सरळसरळ हिरवा दिसत होता. नंतर कळले की डिकीवरचा तो थर कारखान्याचा नव्हताच. लाल रंगाच्याही आधी कोणीतरी झाकण दुरुस्त करून घेतले होते आणि त्या वेळी जवळपासचा रंग मारला होता. यंत्राने आपले काम चोख केले होते, परंतु त्याला दाखवलेला नमुनाच मुळात खोटा होता. त्या दुकानाने पैसे परत करण्यास नकार दिला आणि डबा अजून माझ्या गॅरेजमध्ये पडून आहे.

त्याच आठवड्यात आईशी फोनवर बोलताना रंगाची गोष्ट निघाली. इंग्रजीतला टर्क्वॉइज तिला कसा सांगावा, म्हणून मी म्हटले, "आई, मोरपंखी समज." तिने लगेच विचारले, "अरे, पण निळ्याकडे झुकणारा मोरपंखी की हिरव्याकडे? माझ्या दोन्ही पैठण्या मोरपंखीच आहेत, पण शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटत नाहीत." मला त्या एका प्रश्नाने जे समजले, ते त्या डब्याने समजले नव्हते. रंगाचे नाव म्हणजे एक मोठे घर असते. त्यातली नेमकी खोली कोणती, हे वेगळे शोधावे लागते.

म्हणून मी कागदापासून पुन्हा सुरुवात केली. कॅनडातल्याच ओशावा येथे बनलेल्या जनरल मोटर्स या दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांवर बॉनेटखालच्या पाटीवर रंग आणि गाद्या यांचे सांकेतांक ठोकलेले असतात. तेथेही नावापेक्षा सांकेतांकावर भर द्यावा लागतो, कारण १९६७ मध्ये 'एफ' या एकाच अक्षराच्या निळ्याला त्याच कंपनीचा शेव्हरले विभाग मरीना ब्लू म्हणत असे, तर पाँटिअॅक विभाग टिरोल ब्लू. माझ्या गाडीवर अशी सोय नव्हती. चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावरील पाटीवर फक्त अनुक्रमांक होता. त्याच्या आरंभीचे 'सी' हे अक्षर ती कॅनडात बनल्याचे सांगते. स्टुडबेकरच्या बाबतीत खरा दस्तऐवज म्हणजे प्रॉडक्शन ऑर्डर, अर्थात ती विशिष्ट गाडी बांधताना कारखान्यात भरलेला कागद. या कागदांचा संग्रह साउथ बेंडच्या स्टुडबेकर राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे आणि अनुक्रमांक कळवून शुल्क भरले की प्रत मिळते. पाटीचे स्वच्छ छायाचित्र सोबत जोडावे, असे मी सुचवीन, कारण गंजलेल्या पाटीवरचा ३ हा ८ वाचला गेला तर दुसऱ्याच गाडीचा इतिहास हाती येऊ शकतो.

प्रत आली, तिच्यावर बाहेरचा रंग, गाद्यांचा सांकेतांक, बसवलेल्या जादा वस्तू आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे सारे एका पानात होते. रंग टिंबरलाइन टर्क्वॉइज. मार्च १९६६ मध्ये हॅमिल्टनच्या कारखान्यातील जुळणी-साखळीवरून उतरलेली अगदी शेवटची स्टुडबेकर हीसुद्धा याच रंगाची क्रूझर होती, आणि ती गाडी त्याच संग्रहालयात आहे. मी सुट्टी काढून ती पाहायला गेलो. तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो, परंतु तिच्यावरून रंग जुळवण्याचा मोह आवरला. दालनातला कृत्रिम प्रकाश निळ्या-हिरव्याचा तोल सहज बदलतो, आणि छायाचित्र तर त्याहून जास्त फसवते.

नाव पक्के झाल्यावर धातूवरचा पुरावा शोधायचा होता. उन्हापासून आणि नंतरच्या फवाऱ्यापासून जे भाग बचावतात, तेथेच मूळ रंग टिकतो. मी दारांच्या उंबऱ्यावरील पट्ट्या काढल्या, पायाशी असलेले बाजूचे पुठ्ठे सोडवले आणि हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यामागे दिवा धरून पाहिले. कप्प्यामागचा रंग फार पातळ होता, खालचा प्रायमर डोकावत असल्याने तो निरुपयोगी ठरला. उंबऱ्याच्या पट्टीखाली मात्र तळहाताएवढा, भरीव तुकडा सापडला. त्यावरचा मळ सौम्य साबणाने धुऊन, बारीक पॉलिशने हलकेच घासल्यावर जो रंग उजळला, तो निळ्याकडे झुकणारा होता.

या वेळी दुसऱ्या दुकानाला मी तीन गोष्टी एकत्र दिल्या: कागदावरील सांकेतांक, जुन्या रंग-कंपनीच्या नमुनापत्रावरील त्या सांकेतांकाचा ठिपका आणि प्रत्यक्ष गाडी. आजची रंगद्रव्ये वेगळी असल्याने जुने सूत्र जसेच्या तसे मिसळता येत नाही, त्यामुळे चाचणीपत्रे मारून पाहणे अपरिहार्य ठरते. पहिली दोन हिरवट निघाली. तिसरे आम्ही उंबऱ्याशी धरून सकाळी, भर दुपारी आणि ढगाळ सावलीत पाहिले. तिन्ही वेळा ते जुळले, तेव्हाच मी होकार दिला.

आतल्या बाजूचे काम तुलनेने सोपे गेले. मागची गादी काढल्यावर तिच्या खालच्या शिवणीत दुमडलेली, ऊन न लागलेली कापडाची पट्टी मिळाली. ती बाहेरच्या रंगाच्याच कुळातली निळसर हिरवी होती आणि कागदावरील गाद्यांच्या सांकेतांकाशी तिचा मेळ बसला. हुबेहूब वीण असलेले कापड एका जुन्या साठ्यातून दोन आसनांपुरतेच मिळाले. दारांच्या आतील रेक्झिन फाटलेले नव्हते, म्हणून ते बदलण्याऐवजी त्या पट्टीशी जुळवून त्यावर रंग मारून घेतला. छताचे कापड मी मुद्दाम तसेच ठेवले आहे. ते पिवळसर झाले असले तरी कारखान्यात लावलेलेच आहे.

गेल्या जूनमध्ये गाडी तयार झाली. दुपारच्या उन्हात काढलेले एक छायाचित्र मी आईला पाठवले आणि सोबत लिहिले, "निळ्याकडे."