आमची वाटचाल : नदीची पातळी सांगणारी यंत्रं

आम्ही कोल्हापुरात नदीची पातळी मोजून ती रेडिओवरून गावात कळवणारी यंत्रं बनवतो. गिऱ्हाईक मुख्यतः पंचगंगेच्या काठावरच्या उपसा जलसिंचन संस्था. पाणी चढायला लागलं की काठावरच्या मोटारी वेळेत वर काढाव्या लागतात. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे इथे पोरासोरांनाही पाठ असतं. पण आपल्या जॅकवेलपाशी (पाणी उपसायच्या काठावरच्या विहिरीपाशी) पाणी चढतंय की थांबलंय, हे रात्री दोन वाजता कोण सांगणार? २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्यांना या प्रश्नाचं मोल माहीत आहे.

पहिल्या यंत्रात मायक्रोकंट्रोलरमधलाच (यंत्र चालवणाऱ्या चिपमधलाच) १० बिटचा एडीसी होता. एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग; १० बिट म्हणजे त्याच्या १०२४ पायऱ्या. सेन्सर २० मीटरपर्यंत मोजणारा, पातळीप्रमाणे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह देणारा. २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे १ ते ५ व्होल्ट होतात, म्हणजे ० ते ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्यांपैकी खालचा पाचवा हिस्सा वापरातच येत नाही. उरतात साधारण ८२०. एक पायरी सुमारे २.४ सेंटिमीटरची, जवळपास इंचभर. पाणी अर्धा इंच चढलं तरी आकडा हलेलच असं नाही, आणि हलला की एकदम इंचाने हलतो. हीच क्वांटायझेशनची त्रुटी. १२ बिटवर गेल्यावर पायरी ६ मिलिमीटरवर आली.

यात लाटांनीच आम्हाला हात दिला. पाणी हलत असतं म्हणून रीडिंग शेजारशेजारच्या पायऱ्यांवर फिरत राहतं. अशी पुष्कळ रीडिंग घेऊन सरासरी काढली की पायरीपेक्षाही बारीक फरक दिसतो. चौपट नमुने, एक बिटाची भर. पाणी अगदी निवांत असेल तर मात्र सगळी रीडिंग एकसारखी येतात आणि सरासरीने काही साधत नाही.

नुसती पातळी पाठवायला संथ रेडिओ पुरतो. पण संस्थांना मोजपट्टीचा फोटोही हवा होता, आणि ती मागणी रास्तच आहे. डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस निर्णय घेतो. म्हणून मॉडेममध्ये (रेडिओवरून माहिती पाठवणाऱ्या भागात) लहरीवर बिट चढवायच्या तीन पद्धती ठेवल्या : बीपीएसके, क्यूपीएसके आणि १६-क्यूएएम. एका सिम्बॉलमागे, म्हणजे लहरीच्या एका खुणेमागे, अनुक्रमे १, २ आणि ४ बिट. बिट जास्त तितका वेग जास्त, पण सिग्नलही तितकाच स्वच्छ लागतो. उन्हाळ्यात १६-क्यूएएम सुरळीत चालतं. पावसाळ्यात वाटेतली झाडं भिजली की सिग्नल पडतो, तेव्हा मॉडेम आपणहून खालच्या पद्धतीवर येतो. उतरताना लगेच उतरतो. चढताना सिग्नल काही काळ चांगला राहिल्याची खात्री करून घेतो, नाहीतर दोन्हींच्या सीमेवर नुसती ये-जा सुरू राहते. पातळीचा आकडा आणि पोचपावती कायम बीपीएसकेवरच जातात. फोटोला उशीर चालेल, आकड्याला नाही.

सगळ्यात जास्त कष्ट रिसीव्हरच्या गेनवर, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा यावर, गेले. गेन १२ डीबीने (डेसिबलने) कमी राहिला तर तिथल्या एडीसीचे दोन बिट वाया जातात, कारण एका बिटाला साधारण ६ डीबी. मग क्वांटायझेशनचा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो, लिंक चांगली असूनही मॉडेमला ती वाईट वाटते आणि तो विनाकारण संथ होतो. त्यामुळे गेनची तपासणी आम्ही प्रत्येक यंत्रावर करतो, त्यात घाई करत नाही.

आमच्या डिस्प्लेवर पातळीशेजारी कमीजास्तीचा आकडाही येतो, म्हणजे खरी पातळी दाखवलेल्यापेक्षा किती कमी किंवा जास्त असू शकते ते. काही गिऱ्हाइकांना तो आधी खटकतो. तो काढून टाकायचा नाही, हे आमचं पक्कं आहे.