तुम्ही विचारलंत म्हणून: चाळणीच का?

‘मॅडम, पाच ओळींच्या फंक्शनमध्ये संख्या मूळ आहे की नाही ते कळतं. मग पोरांना अ‍ॅरे घेऊन ती एराटोस्थेनिसची चाळणी कशाला करायला लावता?’ मी प्रोग्रामिंग शिकवते, आणि दर वर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. पालक, क्लासवाले, हल्ली सहकारीसुद्धा. (अ‍ॅरे म्हणजे नंबर दिलेल्या घरांची रांग; चाळणी म्हणजे त्या रांगेतल्या पटी खोडत जाऊन मूळ संख्या उरवण्याची रीत.)

पूर्वी मी वेगाचं कारण सांगायचे. दहा लाखांपर्यंतच्या ७८,४९८ मूळ संख्या चाळणी बघता बघता काढते, एकेक संख्या भागून बघणारा प्रोग्राम मागे पडतो. हे आजही खरंच आहे. पण आताच्या मशीनवर पोरांना तो फरक जाणवतही नाही, आणि माझा आग्रह त्यासाठी नव्हताच, हे मला एका प्रॅक्टिकल परीक्षेत कळलं.

तीसपर्यंतच्या मूळ संख्या काढायच्या होत्या. एका मुलीने ३१ घरांचा अ‍ॅरे घेतला, सगळीकडे १ भरला, शून्याचं आणि एकाचं घर आधीच खोडलं. मग दोनच्या पटी: चार, सहा, आठ, थेट तीसपर्यंत. तीनची सुरुवात नऊपासून, कारण सहा आधीच गेला होता. पाचची पंचवीसपासून. सातचा वर्ग एकोणपन्नास, तीसच्या पलीकडे, तिथे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, संपला. दहा संख्या उरल्या, बिनचूक.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ‘यात मॉड्युलस, भागाकाराची बाकी, कुठंय? भागाकाराशिवाय प्राइम?’

‘सर, लागतच नाही.’

पाठ करून आलीय असं ठरवून त्यांनी मार्क कापले. मी बोलले, उपयोग झाला नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘मॅडम, भागाकार घातला असता तर पूर्ण मिळाले असते ना?’ मी हो म्हणाले. मिळालेच असते.

तिला जे कळलं होतं तेच मला शिकवायचं असतं. घराचा नंबर हीच संख्या, घरात फक्त खूण. पटी खोडत जायच्या, उरेल ते उत्तर.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. एकच मोठी संख्या तपासायची तर चाळणी कुचकामी. शंभर कोटींपर्यंत जायचं तर घराला एक बाइट धरला तरी जवळपास एक जीबी मेमरी जाते. आणि मार्कांवर पुढचं सगळं अवलंबून असतं, ते कसं नाकारू? म्हणून आता भागाकाराची रीतही शिकवते, पण चाळणीनंतर. ‘निदान क्रम तरी उलटा करा,’ असं सहकारी म्हणतात. ते मला अजून पटलेलं नाही. भागाकार आधी हाताशी आला की मुलं चाळणीच्या लूपमध्येही तोच घुसवतात.