न संपणारं गाणं

गेमसाठी गाणं कराल का, अशी विचारणा आली तेव्हा आमच्या बँडने एक तयार गाणंच पाठवून दिलं. साडेतीन मिनिटांचं, दणदणीत शेवटाचं. गेमच्या ऑडिओचं काम बघणाऱ्या बाईंचं उत्तर दोन ओळींत आलं : "गाणं आवडलं. पण हे संपतं. आम्हाला न संपणारं हवंय."

मी ड्रम्स वाजवतो. न संपणारं म्हणजे काय, हे सगळ्यात आधी माझ्याच खांद्यांना कळलं.

गाणं वाजणार होतं शेवटच्या राक्षसाशी होणाऱ्या लढाईत. ती कुणी दोन मिनिटांत उरकेल, कुणाला अर्धा तास लागेल. म्हणून गाण्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा आणि त्याचे थर करायचे ठरले. ड्रम्स आणि बास कायम चालू, राक्षस अंगावर आला की गिटार, आणि त्याची ताकद निम्म्यावर आली की गायक. कल्पना जुनीच आहे. लुकासआर्ट्सने १९९१च्या 'मंकी आयलंड २'मध्ये आयम्यूझ नावाची प्रणाली वापरून खेळाबरोबर संगीत वळवलं होतं. पण तिथे मिडी होतं, म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे, सुरांच्या नुसत्या सूचना; सूर संगणकच वाजवत होता, तो कुठेही वळवता यायचा. आमच्याकडे जिवंत माणसं आणि घुमत राहणाऱ्या झांजा.

पहिला वाद लयीवरून झाला. गाणं १४८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १४८ मात्रांचं होतं. बाई म्हणाल्या, १५० करा. गायक तडकला, म्हणाला, दोनने काय आकाश कोसळणार आहे? त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. १५०ला चार मात्रांचा एक बार बरोबर १.६ सेकंदांचा होतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल्स) घेतले, तर त्याचे ७६,८०० सॅम्पल्स, म्हणजे आमच्या ३२ बारच्या तुकड्याचे २४,५७,६००. पूर्ण आकडा, तुकडा कापायला सोपा. १४८ला अपूर्णांक उरतो. मग दर बारला जागा जवळच्या सॅम्पलवर ओढत बसा. ते करता येतं, पण कटकट कोण करणार? आम्ही १५० केलं. खरं सांगायचं तर गाणं त्याने सुधारलंच, पण हे गायकासमोर बोलायची सोय नाही.

मोठी चूक मात्र आमची, आणि ती हट्टातून झाली. रॉक एकत्रच वाजवायचा असतो म्हणून आम्ही चौघे एकाच खोलीत उभे राहिलो आणि दोन दिवस मनसोक्त वाजवलं. ऐकायला झकास! बाईंनी फक्त गायकाचा ट्रॅक सुरू केला, तर त्याच्या मागे माझा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, टपटपत होता. माझ्या ट्रॅकसोबत लावला तर स्नेअर दोनदा, दोन वेगळ्या माइकमधून किंचित अंतराने आलेला, त्यामुळे पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ. सीडीवर हे खपतं, कारण तिथे सगळं कायम एकत्रच वाजतं. इथे गायक आत आला की ड्रम्सचा आवाजच बदलणार. दोन दिवसांचं काम बाजूला टाकून एकेकाने वेगळं वाजवलं. गायकाच्या हेडफोनमधली क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिकसुद्धा शांत ओळींच्या वेळी माइकमध्ये येत होती. तिथे ती अगदी बारीक करावी लागली.

मग झांज. बत्तिसाव्या बारच्या शेवटी मी मोठ्या झांजेवर क्रॅश मारला की तो पुढे तीन-चार सेकंद घुमतो. तुकडा तिथे कापला की घुमणं कचकन तुटतं, आणि पहिल्या बारला कोरडी शांतता. तबल्यात आवर्तन संपून समेवर येतं, तेव्हा आधीचा नाद हवेत असतोच ना, तेच हवं होतं. उपाय साधा निघाला. तेच ३२ बार न थांबता सलग तीनदा वाजवायचे आणि मधलं आवर्तन कापून घ्यायचं. म्हणजे त्याच्या सुरुवातीला आधीच्या क्रॅशची शेपटी आपसूक येते. ऐकायला साधा, वाजवताना तिन्ही आवर्तनांत एकाच जोराने हात पडायला हवा. एकोणिसाव्या टेकला जमलं.

मिक्स करताना प्रत्येक थरावर आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर जोरदार लावू नका, अशी तंबी मिळाली. तसे दाबलेले थर एकत्र आले की बेरीज पुन्हा वर जाते, आणि गेममधल्या स्फोटांना जागाही ठेवायची असते. करारात स्टेजवर गाणं वाजवण्याचा हक्क आम्ही मागून घेतला. बाकी पैसे एकरकमी.

चाचणीच्या दिवशी आम्हाला बोलावलं. खेळणारा मुलगा पहिल्याच मिनिटात मेला. पुन्हा मेला. दर वेळी गाणं पहिल्या बारपासून, तेच आठ बार. अकराव्या मरणानंतर त्याने सेटिंगमध्ये जाऊन संगीत शून्यावर नेलं. आमच्या डोळ्यांदेखत! बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या आवृत्तीत मेल्यावरही ड्रम्स-बास चालूच राहू लागले, पुन्हा पहिल्यापासून नाहीत. आम्हाला त्यासाठी काही वाजवावं लागलं नाही.

त्या आवृत्तीत एका मुलीने राक्षसाला निम्म्यावर आणलं. गायकाचा आवाज अगदी समेवर आत आला. तो माझ्या शेजारी श्वास रोखून बसला होता. खेळ संपल्यावर त्याने तिला विचारलं, शब्द कसे वाटले?

"शब्द होते?" ती म्हणाली. "मला वाटलं राक्षसच ओरडतोय."