पाणी उतरतंय, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

ऑगस्ट 2019. ब्रिस्टलमध्ये सकाळचे सहा वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात साडेदहा. आण्णांचा फोन आला. "रात्री जिन्याच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारलीती बघ. चार बोटं खाली आलंय. उतराय लागलंय."

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता आणि आई-आण्णा माडीवर. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला होता. ती चार बोटं ऐकून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

ड्यूटीवर गेल्यावर सोबतच्या नर्सनं घरची चौकशी केली. पाणी कमी झालंय, एवढंच मला इंग्रजीत सांगता आलं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे रिसीड होतंय." मागे सरतंय. मला तो शब्द नवीन नव्हता, पण माझ्या तोंडी कधी आला नव्हता. त्या दिवसापासून कमी होण्याचे शब्द मी वहीत लिहू लागले.

गरज होतीच. आदल्याच महिन्यात हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देताना, एका आजोबांचं दुखणं ओसरतंय असं सांगायला मी 'वेअरिंग ऑफ' म्हणाले होते. पायाच्या ऑपरेशनसाठी त्यांना भूल दिलेली. वॉर्डवर 'वेअर ऑफ' होतं ते औषध, भूल, गुंगी. ऐकणारीला वाटलं भूल उतरतेय, आता कळा सुरू होणार, आणि ती वेदनाशामकाच्या तयारीला लागली. सुदैवानं तिनं आधी आजोबांनाच विचारलं. मराठीत भूलही उतरते, तापही उतरतो आणि पूरही उतरतो. त्यामुळे नेमकं काय उतरतंय हे शब्दातच सांगावं लागतं, याची मला सवयच नव्हती. दुखणं किंवा सूज बसते तेव्हा 'सबसाइड'. त्याचं लॅटिन मूळच खाली बसणं या अर्थाचं आहे. पुराचं पाणीही सबसाइड होतं, जणू दमून खाली बसलं. वादळाचा जोर मोडतो तेव्हा 'अबेट'. पाऊस जरा थांबतो तेव्हा 'लेट अप', पण आपल्या 'उघडीप'मध्ये जो उजेड आहे तो त्यात नाही.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'टेपर'. टेपर म्हणजे मूळची मेणबत्ती, टोकाकडे निमुळती होत जाणारी. स्टेरॉइड बरेच दिवस दिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, म्हणून औषध एकदम तोडता येत नाही, डोस पायरीपायरीनं खाली आणावा लागतो. त्याला टेपर करणं म्हणतात. हे कमी होणं आपोआप नाही, कुणीतरी लक्ष ठेवून केलेलं आहे. त्या पायऱ्यांवरून मला राधानगरी आठवतं, फक्त तिथं सगळं आपोआप होतं. धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात, पातळी उतरली की एकेक मिटतात. गावाकडं सगळ्यांचे कान त्याच बातमीकडं असतात: आज किती उघडे?

'एब' मात्र वाचून कळला नाही. आपण घाटावरची माणसं, ओहोटी आपल्याला शब्दातच माहीत. एका रविवारी ब्रिस्टलजवळच्या वेस्टनच्या किनाऱ्यावर गेले. तिथल्या खाडीत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो. सकाळी पायाशी असलेला समुद्र दुपारी दिसेनासा झाला, उरला नुसता चकाकणारा चिखल. कडेला एक आजी थर्मासमधला चहा पीत निवांत बसल्या होत्या, कारण पाणी परत येणार हे ठरलेलं. 'एब' आणि चंद्राचा 'वेन', म्हणजे कलेकलेनं घटणं, या दोन शब्दांत परतीचा भरवसा आहे. 'ड्विंडल'मध्ये तो नाही. साठा, पैसे, गावातली माणसं ड्विंडल होतात, म्हणजे रोडावतात. त्या पुरात माडीवरचं पिण्याचं पाणी तसं रोडावत होतं. आई वाटीनं मोजून द्यायची.

'पीटर आउट' हा अमेरिकेतल्या खाणींमधून आलेला शब्द, धातूची शीर बारीक होत संपते तसा. मी तो वहीत लिहिलाय, पण वापरत नाही. माझे आणि शाळेतल्या मैत्रिणींचे फोन तसेच झालेत, रोजचे आठवड्यावर आले, मग सणासुदीपुरते उरले. भांडण नाही, काही नाही.

आण्णांच्या हाताला आता कंप आहे आणि आवाज बारीक झालाय. परवा इथल्या डॉक्टर मैत्रिणीला सांगताना मी नेमका शब्द शोधत राहिले. 'फेड' म्हणवेना, 'वीक' पुरेना. संध्याकाळी आईला विचारलं, आण्णा कसे आहेत? ती म्हणाली, "उतार हाय गं जरा." आपल्याकडं दुखण्याला उतार पडला म्हणजे माणूस बरा होतोय. मी वहीत तो शब्द लिहिला आणि समोरची जागा रिकामी ठेवली.

जिन्यातली कोळशाची रेघ आण्णांनी पुसू दिलेली नाही. घराला दोनदा रंग दिला, रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला लावली.